शेवग्यापाशी

आमच्या वळणावर झाकण नसलेलं एक चेंबर आहे.
झाकण होतं. बिडाचं होतं, म्हणून गेलं.
मग सिमेंटचं आलं, ते टँकरखाली गेलं.
दिवसाला अठरा टँकर. मी मोजलेत.
निवृत्त माणसाला मोजायला काहीतरी लागतं.

बत्तीस वर्षं मी नकाशे काढले,
ट्रेसिंगवर, शाईनं. रस्ता तांबडा, ओढा निळा.
धायरीच्या या तुकड्यावर निळी रेघ होती.
आठवते, कारण हात माझा होता.
आज त्या रेघेवर 'नीलधारा' उभी आहे,
दोन आणि तीन बीएचके,
आणि बी विंगला चौथ्या मजल्यावर मी.
आषाढात ओढा पार्किंगमध्ये येतो,
घर सोडलेल्या भाडेकरूसारखा,
आपलं एखादं पत्र आलंय का विचारायला.

तक्रारी अकरा. उत्तर एकच:
'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.'
लहानपणी आखाड्यात ऐकला होता हा शब्द.
निकाली म्हणजे कुणाची तरी पाठ मातीला टेकलेली.

क्षेत्रीय कार्यालयात खिडकी तीन म्हणाली, हे ड्रेनेजचं नाही,
पावसाळी लाइनचं.
खिडकी पाच म्हणाली, रस्ता अजून ताब्यातच नाही,
ग्रामपंचायतीला विचारा.
अहो, ग्रामपंचायत कुठे आहे आता?
तिच्या कचेरीत आधार केंद्र चालतं,
तिथे बोटांचे ठसे जुळले तर माणूस असतो.

नवरात्राची पाचवी माळ. खांबावरचा दिवा गेलेला.
रेश्मा ओव्हाळ नऱ्ह्याहून सेकंड शिफ्ट करून येत होती.
पुढचं चाक आत, ती बाहेर.
डाव्या पायात सळई, आणि कंपनीत तिच्या जागी
सोमवारपासून दुसरी मुलगी.

त्या रात्री मी बारावी तक्रार लिहिली.
'उपरोक्त विषयास अनुसरून'मधला अनुस्वार
दोनदा तपासला.
सकाळी तिची आई ससूनमधून कपडे न्यायला आली.
गिरजाबाई. कोपऱ्यावर भाजी विकते.
पत्र्याच्या खोलीमागचा शेवगा तिनं ओरबाडला,
मनगटाएवढी फांदी चेंबरात रोवली,
वर लाल ब्लाउजपीस बांधलं,
आणि साडेआठची बस पकडून गेली.
तिला पोचपावती लागली नाही.

ब्लाउजपीस विटलं. फांदी मात्र पौषात फुटली.
आत किती गाळ असेल, विचार करा,
साफसफाईचं बिल दरवर्षी निघत असूनही.

मग वृक्षगणनेची पोरं आली, टॅबवर फोटो काढून
खोडाला पत्र्याचा बिल्ला ठोकून गेली.
आमच्या रस्त्याला नंबर नाही. शेवग्याला आहे.

आणि वैशाखात, खोटं नाही सांगत,
टेम्पोतून नवं कोरं झाकण आलं.
मुकादम उतरला, बिल्ला वाचला, डोकं खाजवलं.
'झाड आहे की हो. उद्यान विभागाची परवानगी लागेल.'
टेम्पो झाकणासकट परत.
मी इतका हसलो की ठसका लागला.
गिरजाबाई हसली नाही.
तिनं जाणाऱ्या टेम्पोचा नंबर तेवढा पाठ केला.

आता रिक्षावाले विचारतात, शेवग्यापाशी का?
कुरिअरच्या पत्त्यातही तो आलाय.
अंधारात गाड्या तिथे आपोआप हळू होतात,
खड्ड्याला नाही, झाडाला भिऊन.
रेश्मा संध्याकाळी कुबडी घेऊन तिथवर येते,
बिल्ल्याला हात लावते, माघारी फिरते.
डॉक्टरांनी रोज तेवढंच अंतर सांगितलंय.

काल मी जुनं रोट्रिंग धुतलं.
सोसायटीच्या नोटिशीच्या पाठीवर
तीच निळी रेघ पुन्हा ओढली, आपल्या घराच्या मधून,
आणि वळणावर एक हिरवा ठिपका.
प्रमाण लिहायचं राहिलं.

खाली गिरजाबाई आकडी लावून शेंगा काढत होती.
चार माझ्या हातावर ठेवल्या.
म्हणाली, 'आमटीत टाका,
पाणी आलं तर.'