अकरा पायऱ्या

तिकिटाच्या खिडकीपासून चाकाच्या केबिनपर्यंत
लोखंडी शिडीच्या अकरा पायऱ्या.
मोजल्यात मी, सुटे पैसे मोजावेत तशा, रोज.
पाचवी गंजलीय, तिच्यावर पाय कडेला द्यायचा.

तवसाळहून जयगड, जयगडहून तवसाळ.
दुचाक्या, आंब्याच्या पेट्या, एकदा अख्खं वऱ्हाड,
एकदा टेम्पोत बसवलेली म्हैस,
तिचं तिकीट किती घ्यायचं यावर
पलीकडचा धक्का येईपर्यंत भांडण.
बोट सगळ्यांना पार नेते.
मी नुसतं फाडून देते.

मला चाक हवंय.
हे पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं
ते इब्राहिमचाचा सोलकरांपुढे.
ते चहा फुंकत होते. हसले नाहीत.
म्हणाले, "हवंय ते ठीक. कधीपर्यंत?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे सुटे नव्हते.

घरी येऊन गेल्या वर्षीचं
भरती-ओहोटीचं वेळापत्रक खिळ्यावरून काढलं.
पाठ कोरी होती.
सर्वांत वर लिहिलं: सारंग, सुलक्षणा जांभारकर.
मग एकेक पायरी खाली उतरत आले.
परवान्याच्या खाली परीक्षा,
परीक्षेखाली बोटीवरचे नोंदलेले दिवस,
त्यात तिकीटवालीचे धरत नाहीत, खलाशाचे धरतात,
म्हणून त्याखाली डेकवर नाव लावून घेणं, मालकाशी बोलणं,
मालकाशी कोण बोलणार? मीच.
त्याखाली दहावीचं गणित, दोनदा बुडालेलं.
त्याखाली डोळे. लाल दिवा, हिरवा दिवा,
चिपळूणला जाऊन तपासून घ्यायचे.
आणि सगळ्यांत खाली, जिथे शिडी पाण्याला टेकते,
पेन्सिल दाबून, दोनदा गिरवून:
पोहायला शिकणे.

हसू नका.
माझे आजे काळोखात वाऱ्याच्या वासावरून किनारा सांगत.
भाऊ सहाव्या वर्षी धक्क्यावरून उडी मारायला लागला.
त्याच वयात मला कोळंबी सोलायला बसवलं.
आमच्या घरात समुद्र पुरुषांना ओला मिळतो,
बायकांना वाळवलेला.

बाजूला पैशांचं गणित.
भिशी माझ्या नंबरावर मार्गशीर्षात.
सोड्यांचे, आईला न सांगता. हे खोडलं.
सोड्यांचे, आईला सांगून.
एकूण काळ: दोन वर्षं. खोडलं. तीन. तेही खोडलं.
पावसाळ्यातले बंद महिने वजा केले,
मावशीचं ऑपरेशन वजा केलं.
तीन वर्षं सात महिने.
आकडा कुरूप होता, पण पहिल्यांदाच खरा वाटला.

आईनं बोट फिरवत सगळं वाचलं.
"ह्याच्यात लगीन कुठाय, बाय?"
मी समास दाखवला.
ती बराच वेळ बघत राहिली.
"समास भारीच बारीक ठेवलास."

चाचांनी कागद उलटा धरून पाहिला, मग सुलटा.
म्हणाले, "समोरच्या धक्क्यावर नेम धरून
आजवर कोणी धक्क्याला लागलेलं नाही.
भरती आत ओढते, तेव्हा तोंड समुद्राकडे.
ओहोटी बाहेर ओढते, तेव्हा तोंड खाडीच्या पोटाकडे.
पाणी तुला वाहवणार, हे आधीच धरून चाल.
ह्या कागदात ओढ कुठे लिहिलीस?"

लिहिली नव्हती.
म्हणून आता पोहण्याच्या ओळीपुढे तिथ्या आहेत.
अष्टमीच्या आसपास, भांगेच्या पाण्यात,
तेही शेवटच्या दोन फेऱ्यांच्या मधे.
गुरू: भाचा नवलेश, वय नऊ,
फी: एक वडापाव, आगाऊ.

काल पाच लिटरचा रिकामा कॅन
त्यानं न सांगता माझ्या हातांतून काढून घेतला.
पाणी नाकात, पंजाबीची ओढणी गळ्यात,
वर त्याचं ओरडणं, "आत्ये, पाय! पाय मार!"

ओल्या केसांनी खिडकीत बसले.
नोटा ओल्या झाल्या, एक जण कुरकुरला.
रात्री कागद काढला.
त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली नाही.
नुसतं लिहिलं:
चार हात.