शेडमधलं सामान, एकत्र

शीर्षकाला ऐंशी अक्षरं. फोटो बारा.
एवढ्यात बाबांची अख्खी शेड बसवायची होती.

मिलफर्ड हेवनच्या घराची किल्ली शुक्रवारी द्यायची,
आज मंगळवार.
अंगणात जुनी चादर अंथरली आणि मांडत गेले:
लाकडी सुया, कसल्या तरी, सात.
हाडाचं टोकदार काहीतरी.
पितळी कड्या.
चामड्याचा पट्टा, मध्ये लोखंडी वाटी.
एकाच काट्याचं घड्याळ, त्यावरचे आकडेही चुकीचे.
तंबाखूच्या डब्यात स्क्रू, स्क्रूंवर एक दात.
(कुणाचा, ठाऊक नाही. दात मी ठेवून घेतला.)

एकेक विकायचं तर एकेकाला नाव लागलं असतं,
लांबी, रुंदी, वजन,
'वापरलेलं' की 'बरंच वापरलेलं',
आणि चाळीस वेळा पोस्टाची रांग.
विभाग विचारला. बाग? छंद? सागरी?
मी 'इतर' निवडलं.
आवळ्याभोपळ्याची मोट बांधली, खाली लिहिलं:
सुटं मिळणार नाही.

तरी रात्री तिघांनी विचारलंच.
एकाला नुसत्या कड्या हव्या होत्या, बोटीसाठी.
एकाला घड्याळ.
एक बाई म्हणाली, ती खालची चादर विकायची आहे का?
तिघांना तेच एक वाक्य पाठवलं.
वाक्याचा जरा अभिमानही वाटत होता.

एकतीस पौंडांना गेलं. व्हिटबीचा कुणी ऑटवे.
पोस्टातल्या नेरिसनं खोका काट्यावर ठेवला,
म्हणाली, एल्व्हेडचं ना?
म्हटलं, हो.
म्हणाली, हलका कधी नव्हताच तो.

तीन आठवड्यांनी, झोप येईना म्हणून,
ऑटवेचं दुकान उघडून बघितलं.
चौदा वेगवेगळ्या जाहिराती.
पांढरा कागद, शेजारी मोजपट्टी, नीट उजेड.
जाळी विणायची सुई, हेझलच्या लाकडाची.
दोराचे पीळ उकलायचा दाभण, व्हेलच्या हाडाचा.
घड्याळ घड्याळ नव्हतंच, हवेचा दाब सांगायचं;
काटा अडकलाय, दुरुस्त होण्याजोगा.
आणि तो पट्टा:
शिडं शिवणाऱ्याचा तळहात. डाव्या हाताचा. सहसा मिळत नाही.

बाबा उजव्या हातानं जेवायचे, उजव्यानं सही करायचे.
शाळेत छडीनं वळवलेला हात
शेडचं दार लावलं की पुन्हा डावा होत होता,
हे मला व्हिटबीच्या एका अनोळखी माणसानं सांगितलं,
चोवीस पौंड, पोस्टखर्च वेगळा.

मी जन्मभर म्हणत आले, 'बाबांचं सामान'.
मोट तर तेव्हाच बांधलेली.

सगळ्यात खाली पंधरावी जाहिरात.
'उरलेलं, एकत्र.' चार पौंड.
स्क्रू, तुटकी हँडलं, झाकण उघडं टाकलेला डबा,
आणि कोपऱ्यात निळा प्लास्टिकचा घोडा.
माझा.
पाय मोडला म्हणून दिला होता, सात वर्षांची असताना,
मग आठवडाभर विचारलं, मग विसरले.
डबा मी उपडा केलाच नव्हता. वरचा दात तेवढा उचलला.

चित्र मोठं करून पाहिलं.
मोडक्या जागी हाडाचा तुकडा बसवलेला,
त्यावर मेणदोऱ्याचे वेढे, एकाला एक लागून.
नऊ मोजता आले, पुढे चित्र फुटतं.
काम झालं होतं.
परत द्यायचंच राहिलं.

लिहिलं: फक्त घोडा द्याल का? चारच्या जागी दहा देते.
सकाळी उत्तर आलेलं होतं, नम्र, दोन ओळींचं.
क्षमस्व.
सुटं मिळणार नाही.

बरोबरच आहे.
पत्ता भरला, कार्डाचे आकडे भरले.
'विक्रेत्यासाठी सूचना' अशी एक चौकट असते,
तिच्यात लिहिलं:
स्क्रूसुद्धा पाठवा. सगळे.