डावा हात

चापोलीच्या पाण्यात माझी कयाक
पुन्हा पुन्हा डावीकडे वळते,
त्याच अर्ध्या बुडालेल्या वठल्या झाडापाशी
नेऊन उभी करते मला.
पहिल्यांदा पाणकावळा उडाला.
दुसऱ्यांदा पंख वाळवत बघत राहिला.
आता तर मानही वळवत नाही.

काठावरून खुशाली वेळीप ओरडतो,
"दावो हात न्हिदला काय तुमचो?"

निजलेलाच, बाबा.
बावीस वर्षं मडगावच्या कचेरीत
उजव्यानं सह्या, नोंदी, शिक्के,
आणि डावा नुसता कागदावर ठेवलेला,
पंख्याच्या वाऱ्यानं उडू नये म्हणून.

वल्हं मांडीवर आडवं घेते.
तिन्ही बाजूंचे डोंगर पाण्यात उलटे,
त्यांची टोकं माझ्या बुडाखाली.
झाडीत शेकरू कुणावर तरी चिडलंय.
नवशिक्यांच्या जाकिटाला कुणाच्या तरी घामाचा वास.

मग फक्त डाव्यानं. एकदा.
अजून एकदा.
खांद्यात गंजलेली कडी निघावी
तशी कळ येते

आणि झाड
इंचभर, मग हातभर,
बाजूला सरकतं.

पाणकावळा?
त्याचं लक्ष नव्हतं.