परत विचार

न्सांजेच्या पुढे रस्ता नाही, चिखल आहे.
मोटरसायकल झाकेयोच्या कुडाला टेकवून
मी चालत आलो फालेसीच्या अंगणात.
गळ्यात ओळखपत्र, काखेत टॅब्लेट,
आणि आभारादाखल द्यायची साबणाची एक वडी.

गेल्या सात दिवसांत, मी विचारतो,
मक्याचं पीठ किती?
फोटो दाखवतो : लहान ढीग, मध्यम ढीग, मोठा ढीग.
ती पडद्याला बोट लावत नाही.
पसा धरते पुढे. मग बोटं जरा मिटते.
आणखी जरा.
एवढं. त्यातही निम्मा कोंडा.

पशाचा फोटो माझ्याकडे नाही.

आणि न्यिका, ती सांगते,
शिरे नदीतले कमळकंद :
कमरेएवढ्या पाण्यात पायानं चाचपायचे,
एकीनं उपसायचे,
दुसरीनं मगरीवर नजर ठेवायची.
यादीत बटाटा आहे, रताळं आहे, बिस्किटसुद्धा आहे.
मी दाबतो : इतर.
मगरीला तेवढीही जागा नाही.

प्रश्न एकोणचाळीस.
गेल्या महिन्यात घरातलं कुणी
रात्री उपाशी झोपलं का?

दारात तिचा मुलगा
सायकलची साखळी दगडानं ठोकतोय.
त्याचा हात थांबतो.
फालेसी त्याच्याकडे बघत नाही.
नाही, म्हणते. कुणीच नाही.
दगड पुन्हा वाजू लागतो.

मी शून्य भरतो, पुढे सरकतो :
छप्पर गवताचं, कोंबड्या दोन, मच्छरदाणी फाटकी.

निघताना ती रस्त्यापर्यंत येते.
वडी हुंगते, याचं पीठ किती येईल, मनाशीच.
बाभळीपाशी थांबते.
पोरगं नाही आता इथं.
परत विचार.

पण चढावर एक दांडी रेंज आली होती
आणि खिशातल्या खिशात अर्ज निघूनही गेला,
झोंबाला, तिथून आणखी कुठल्या उंच इमारतीत,
जिथे आमचा अख्खा जिल्हा
दशांशचिन्हाच्या उजवीकडे राहतो.

तरी मी विचारतो. उभ्या उभ्या, रिकाम्या हातांनी.

ती बोटांवर मोजते, रात्रींना नावं देत :
नवरा सीमेपलीकडे गेला ती,
शेजारणीकडे लग्न होतं ती,
पोरानं मीठ चाटलं ती.
एका हाताची बोटं संपतात.
दुसऱ्या हातात साबण.

हातचे पाच, म्हणते, धर.

धरलेत.
बेरीज तर केव्हाच पुढे गेली.