अकरा सेकंद

वार्डोच्या बेटावर झाड नाही.
म्हणजे हिल्मारच्या हातातली ती लाकडी मोगरी
कुठल्या तरी लांबच्या रानातून आलेली,
पन्नासेक वर्षांपूर्वी.

बंदराचा फॉर्म मी भरला.
लांबी: सात मीटर.
जहाजावरील माणसं: शून्य.
योर्दिसने त्या शून्यावर तिरकी रेघ ओढली,
कुणी सहा वाचू नये म्हणून.

"हिचं नाव काय?" हिल्मारने विचारलं.
या नावेला नाव नाही, म्हटलं, नंबर आहे. सात.
तो हसला नाही.
माशाचे कल्ले उघडून बघावेत
तसा प्रत्येक फट बघत तिच्याभोवती फिरला.

आम्हाला त्याच्याकडून एवढंच हवं होतं:
बर्फ आधी कुठे चढतो.
वाऱ्याचे आकडे होते आमच्याकडे, तुषारांच्या आकाराचेही.
"आधी कठड्यावर," तो म्हणाला, "मग दोरांवर.
दोर मनगटाएवढा होतो, मग मांडीएवढा.
दिसतं छान. पण बोट कलली
आणि परत यायला आळस करू लागली,
की समजायचं, ती विचार करतेय."

चौऱ्याहत्तरच्या फेब्रुवारीत, ट्रॉलरवर,
तो आणि ओलुफ आळीपाळीने बर्फ ठोकत होते,
वीस मिनिटं हा, वीस मिनिटं तो.
बोट आडवी झाली. परत उभी राहिली.
"मोगऱ्या दोन होत्या," हिल्मार म्हणाला,
आणि कॉफी घ्यायला आत गेला.

सात नंबर सोडली तेव्हा समुद्र वाफाळत होता.
हवा उणे अकरा, पाणी अधिक तीन.
शाळेतल्या दोन मुली धक्क्यावरून हात हलवत राहिल्या,
कुणाला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.
मग तीन दिवस शेडमध्ये आम्ही,
पडद्यावर दर दहा मिनिटांनी सरकणारा हिरवा ठिपका,
गार झालेले वाफल्स
आणि योर्दिसची सर्दी.

तिसरी रात्र, दोन वाजून चाळीस.
कल: एकशे ऐंशी अंश.
अकरा सेकंद.
मग सरळ. आणि लगेच ईशान्येला,
ठरल्या मार्गावर, काही घडलंच नाही अशी.
योर्दिसने टाळ्या वाजवल्या.
चाचणी पास.

नोंदी उघडल्या.
तळाखालचा संवेदक तेव्हा वर होता, वाऱ्यात.
तापमान घसरत गेलेलं. क्षारता: शून्य.
अकरा सेकंद आमचं यंत्र
समुद्र समजून आकाश मोजत राहिलं,
अगदी मन लावून.
डोलकाठीवरचा कॅमेरा पाण्यात, उलटा.
त्याच्या दिव्यात बुडबुडे दिसतात,
खाली पडणारे.

अशा ओळींना आम्ही चार हा शेरा देतो.
चार म्हणजे वाईट. चार म्हणजे कुणी हिशेबात धरू नये.

सकाळी हिल्मारने उभ्याउभ्याच ऐकून घेतलं.
"पुसून टाकणार?"
पुसत नाही, म्हटलं. शेरा देतो.
"मग छापून दे."
अकरा ओळी. चष्मा घरी राहिलेला.
कागद लांब धरून एकेका ओळीवर बोट ठेवत गेला,
सातवीवर थांबला. का, ते विचारलं नाही.
घडी करून हातमोज्यात सरकवली
आणि हात तसाच त्यात घातला.

गुरुवारी ती परत आली,
पांढरी, फुगलेली, एका कुशीवर.
तो मोगरी घेऊन पुढे झाला तशी योर्दिस ओरडली,
थांबा, आधी वजन!
तो थांबला, टोपी काढून,
क्रेन वर जाईपर्यंत, खाली येईपर्यंत.
बर्फ: दोनशे बारा किलो.
"आता?"
आता, हो.

पहिला ठोका इतका हळू मारला त्याने
की काहीच पडलं नाही.
मग एक तुकडा. मग बरेच.

वीस मिनिटांनी, घड्याळ न बघता,
त्याने मोगरी माझ्या हातात दिली.