आणि इतर

ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत, जिथं शेंडा पार्ककडून वारा येतो
आणि हंगामात गुऱ्हाळांचा गोडसर धूर,
मी तीन वर्षं लेख मोजतोय.
वाचत नाही. मोजतो.
बियाण्याची शुद्धता, ओलावा, उगवण, जोम, साठवण:
सहाशे बारा लेख.
दर लेखामागं लेखक दोन पूर्णांक एकतीस शतांश.
एकतीस शतांश लेखक दिसतो कसा, विचारू नका.
चहा आणायला गेलेला असेल.

पाटलांनी मला रडवलं.
पाटील ए. बी., पाटील बी. ए., नुसतेच पाटील ए.,
एकाच माणसाचे तीन झाले, तिघांचा मिळून एक,
आणि कागलच्या पाटलांचं निम्मं आयुष्य
बावड्याच्या पाटलांच्या खात्यावर जमा.

त्यातच तो लेख. पाटील आणि इतर.
आजऱ्याच्या घनसाळ भाताचं बियाणं,
कणगीत ठेवलेलं, नऊ महिन्यांनी किती उगवतं.
संदर्भ एक्केचाळीस.
चोवीस जण म्हणतात सत्त्याऐंशी पूर्णांक पंचवीस टक्के,
सतरा जण ब्याऐंशी पूर्णांक पंचाहत्तर.
कुणाच्या तरी हातून आकडे उलटे पडले
आणि मागच्यांनी मूळ लेख न उघडता
पुढच्याच्या पाटीवरून उतरवून घेतलं.
मास्तर नव्हतेच वर्गात.

प्रयोगशाळेच्या माळ्यावर, मोडक्या तराजूखाली, वही सापडली.
चार ताटं, शंभर शंभर दाणे, ओला टीपकागद.
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, असे जुडगे
पानभर, पेंढ्या रचाव्यात तसे.
अठ्ठ्याऐंशी. शहाऐंशी. एक्क्याण्णव. चौऱ्याऐंशी.
बेरीज बरोबर: चोवीस जण खरे.
आणि कडेला, शाई फुटलेली:
‘चौदावा दिवस. लाईट न्हाई. कंदिलावर मोजलं. आ. मगदूम.’

मी तिथंच खोक्यावर बसलो.
‘इतर’ला अक्षर होतं.

आक्काताई मगदूम उचगावात राहतात, नातसुनेच्या शिलाई मशीनशेजारी.
एक डोळा ऑपरेशनचा, दुसरा अजून दाणे निवडणारा.
‘नाव घालतो म्हणलं हुतं सायेब,’ त्या म्हणाल्या,
‘दोनदा म्हणलं. मग बदली झाली त्यांची.’
वही हातात घेऊन बोट फिरवलं रेघांवरनं,
चौथ्या ताटाशी थांबलं.
‘हे चौऱ्याऐंशी न्हवं. सत्त्याहत्तर.
सात उंदरानं खाल्लं रात्री.
सायेब म्हणलं, उगवल्यालं हुतं न्हवं? मग धर की.
मी धरलं.
पर पाचव्या दिवशी कोंब बघितलं हुतं मी,
खोटं न्हाई ते.’

तीनशे एकोणपन्नासातून सात गेले.
साडेपंच्याऐंशी टक्के.
म्हणजे सतराही चुकले, चोवीसही,
आणि खरं काय ते एका बाईला ठाऊक
आणि एका उंदराला, जो आता कुठल्याच सूचीत नाही.

माझ्या तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता.
तळटीप लिहिली, चार ओळींची.
मार्गदर्शकांनी लाल पेनानं हलकेच कापली:
‘विषयांतर. पुरावा?’
त्यांचंही खरंच आहे. पुरावा पोटात गेला.

निघताना आक्काताईंनी माझी वही मागितली,
स्वतःचं नाव तपासलं.
‘मगदूमचा दू दीर्घ. पगारपत्रकात बी ऱ्हस्वच लिहायचं मेले.’
मग डब्यातलं मूठभर घनसाळ कागदात बांधून दिलं,
सोललेलं नव्हे, भात.
‘शिजवू नगंस. पेर.’

के. एम. टी.त पुडी मांडीवर. वास येत होता तिला,
शेजारच्या माणसानं दोनदा वळून पाहिलं.
बियाणेशास्त्रात एक वर्ग आहे,
मेलेल्यांत नाही, उगवलेल्यांतही नाही:
पाणी प्यालेलं, फुगलेलं, ताजं, पण न उगवलेलं.
त्याला थोडे दिवस जास्त द्यावेत असा नियम आहे.

घरी टीपकागद नव्हता. जुना पेपर भिजवला.
आज पाचवा दिवस.
ताटावर मी ऊस पेटीची जाळी ठेवलीय,
वर वरवंटा.