लाईट गेल्यावरचा गट

उदगीरला, नळेगाव रोडवर,
दत्तू सूर्यवंशीच्या मोटार रिवायंडिंगच्या माडीवर
आम्ही पाच जण बसलो, तेव्हा मे अर्धा सरला होता.
पंखा होता. म्हणजे टांगलेला होता.

खालून तांब्याच्या तारेचा, वार्निशचा वास,
वर चार लॅपटॉप, दोघांच्या बॅटऱ्या मेलेल्या.
त्या मुद्दाम तशाच ठेवलेल्या.
आमचा विषयच तो:
काम चालू असताना वीज गेली
तर कर्नलनं अर्धवट सोडलेल्या ओळीचं काय?
डिस्क खोटं बोलते.
'लिहिलं' म्हणते, आणि लिहिलेलं नसतं.

कर्नल म्हटलं की माझे वडील
एसटी स्टँडवर सांगत सुटतात, पोरगं मिलिटरीत लागलं.
आईला मात्र मी नीट समजावलं होतं.
तिनं उन्हाळेच्या उन्हाळे बिब्बे फोडलेत, रोजानं.
म्हणाली, म्हणजे गोडंबी.
म्हटलं, हो, तेच. ज्याचं तेल हातावर उततं
त्याच्या आतली.
'मग फुकट कामून वाटलालास?'
याचं उत्तर मी अजून शोधतोय.

तहसीन म्हणाली, आपण गट करू.
जगातली हजारो माणसं या गाभ्याला हात लावतात,
त्यांच्याकडं लाईट जात नाही,
म्हणून त्यांना हे दिसत नाही. त्यात त्यांचा दोष नाही.
रेवणसिद्ध म्हणाला, वेगळी चूल कशाला?
तिथं भांड्याला भांडं लागतंय ते काय कमी आहे?
तहसीन म्हणाली, चूल नाही रे.
एवढी मोठी पंगत. वाढपी चांगले आहेत.
पण ज्या टोकाला आमटी पोचतच नाही
तिथं उभं राहून 'इकडं' म्हणणारं
कुणीतरी पाहिजे की नको?

नऊ दिवसांनी वरच्या देखभालवाल्याचं उत्तर आलं होतं.
तीन ओळी.
गटाला नाव कुणीही देतं.
हा कोड मोडला तर रात्री उठून कोण बघणार,
त्याचं नाव लिहा.

नाव लिहायचं म्हटल्यावर
सगळ्यांना एकदम काहीतरी आठवलं.
माणिकला हैदराबादची मुलाखत,
सुगंधा बिरादारला तिच्या शाळेचे पेपर तपासायचे,
मला तर उगाच तहान लागली.
रेवणसिद्ध मान खाली घालून टिपण लिहीत राहिला,
कोण काय म्हणालं, कोण काय करणार.

साडेतीनला लाईट गेली.

सहाला आली.
फाईल होती. नाव होतं, तारीख होती.
आत काहीच नाही. शून्य बाइट.
तहसीन आधी हसली, मग दत्तूसुद्धा,
जो वर फक्त चहा घेऊन आला होता.
पहिला बग घरचाच निघाला.
कोणी काय कबूल केलं होतं
यावर आमचा अजून वाद चालतो,
पण त्या रात्री यादीत नाव रेवणसिद्धनं टाकलं,
वेगळी चूल नको म्हणणाऱ्यानं.

माणिक गेला. सुगंधा सुट्टीत येते.
पाच पॅच पाठवले, चार परत आले,
एकावर लिहिलेलं, 'हे तुम्हाला कसं सुचलं?'
आम्ही काय सांगणार. महावितरणला विचारा.

परवा मादागास्करच्या कुठल्याशा गावातून
एका बाईचं पत्र आलं.
आमच्या दवाखान्यात लाईट दिवसाला सात वेळा जाते.
बाळांच्या वजनाच्या नोंदी अर्ध्या राहतात.
लाईट गेल्यावरची माणसं म्हणतात
ती तुम्हीच का?

रात्रीचे दोन. रेवणसिद्ध झोपला असणार.
मी उत्तर लिहायला घेतलं.
'हो, तेच' एवढं लिहिलं.
आधी सेव्ह केलं. डिस्कला पुन्हा विचारलं, लिहिलंस ना?
मग पुढची ओळ.